अनुरूप वाइन आढळून आली नाही

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ लिखाण झालं. लेओन शहराच्या जमीन-नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं मी खिडकी क्रमांक तीनवर बसून लिहीत होतो. त्या लिखाणाने घरांच्या वाटण्या झाल्या, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, एका बाईने तर मला छत्री फेकून मारली होती. पण खरा मनस्ताप झाला तो निवृत्तीनंतर लिहिलेल्या पाच शब्दांनी. "अनुरूप वाइन आढळून आली नाही."

वरवर पाहता यात काय वाईट आहे? शुद्धलेखन बरोबर, वाक्य आटोपशीर, कोणाच्या आईबापांचा उद्धार नाही. तरीही या ओळीपायी माझ्यावर शहराबाहेर डोंगरातल्या भुयारात शिरायची, महापालिकेत रांग लावायची आणि सोसायटीच्या सभेत आरोपी म्हणून उभं राहायची वेळ आली.

सुरुवात झाली ती कचेरीतल्या सहकाऱ्यांनी दिलेल्या निरोपाच्या भेटीने. एक बूच काढायचा स्क्रू आणि वाइनच्या वर्गाची तीन संध्याकाळची फी. आमच्याकडे बारमध्ये वाइन मागितली की बारवाला एकच प्रश्न विचारतो, "रिओखा की रिबेरा?" जणू देवाने स्पेन निर्माण केला तेव्हा या दोनच जागी द्राक्षं लावली आणि मग तो जेवायला गेला. मी जन्मभर "रिबेरा" म्हणत आलो होतो, तेही शेजारी उभा असलेला माणूस म्हणतो म्हणून. वर्गातल्या बाईंनी पहिल्याच संध्याकाळी पोर्तुगालच्या सरहद्दीवरच्या एका दरीतली वाइन ओतली आणि सांगितलं की या द्राक्षाचं नाव खुआन गार्सिया. आमच्या कचेरीत या नावाचे तीन कारकून होते. त्यांच्यापैकी एकातही मला कधी गुण दिसला नव्हता, पण हा चौथा खुआन गार्सिया काय होता म्हणून सांगू! मग मांचुएलाची बोबाल आली, काळीभोर आणि रांगडी. मग ला पाल्मा बेटावरची, पाइनच्या पिंपात मुरवलेली. तिचा पहिला घोट नवं कपाट चाटल्यासारखा लागला आणि दुसऱ्या घोटाला तेच कपाट आवडायला लागलं. तिसऱ्या संध्याकाळी घरी येऊन मी ओब्दुलियाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणालो, "अगं, साठ वर्षं आपण आंधळे होतो."

"तू होतास," ती म्हणाली. "मी पाणी पिते."

आता मला मिळालेला प्रकाश मी एकट्याने घेऊन बसणं शक्य नव्हतं. आमची शनिवारची पाच जणांची टोळी आहे. आकिलिनो हा निवृत्त स्टेशनमास्तर, त्यामुळे केव्हा निघायचं ते तोच ठरवतो. तारसिसिओचं औषधांचं दुकान आहे. निकानोर आणि लेओन्सिओ हे प्लंबर भाऊ, एकाने अर्धं वाक्य बोलायचं आणि दुसऱ्याने पुरं करायचं. आणि मी, एवेलिओ. दर शनिवारी दुपारी बारा वाजता जुन्या गावातले सात बार, त्याच क्रमाने, प्रत्येक ठिकाणी उभ्या उभ्या एक लहान पेला. एकतीस वर्षांत हा क्रम एकदाच मोडला होता, लेओन्सिओच्या लग्नात, आणि त्याबद्दल तो अजून बायकोला बोल लावतो.

लेओनमध्ये पेल्याबरोबर खायला काहीतरी येतं. त्याला तापा म्हणतात आणि तो फुकट असतो. हा तापा मागायचा नसतो, हा आमच्याकडचा सगळ्यांत पक्का नियम. देणाऱ्याने काय द्यायचं ते त्याचं त्याने ठरवायचं, घेणाऱ्याने निमूट खायचं. पहिल्या बारमध्ये तिखट लावलेले बटाटे, तिसऱ्यात धुरी दिलेलं सुकं मांस, पाचव्यात रक्ताच्या सॉसेजचा गरम लगदा, असं करत करत सातव्या बारमध्ये, बेनिल्देबाईंच्या हातचं लसणाचं सूप. शिळा पाव, लसूण, लाल तिखट, वरून फोडलेलं अंडं, मातीच्या वाडग्यात, लाकडी चमच्यासकट. आमचा आठवडा त्या सुपासाठी चालायचा असं म्हटलं तर बायका रागावतील, म्हणून म्हणत नाही.

मी या सात बारांचा तक्ता केला. पहिल्या रकान्यात बार, दुसऱ्यात तापा, तिसऱ्यात त्याला शोभेल अशी आपल्याच देशातली पण कोणी न विचारलेली वाइन. बटाट्यांना अमुक, सुक्या मांसाला तमुक, सॉसेजला बिएर्सोची मेन्सिया. सातव्या ओळीशी मी दोन दिवस अडलो. लसूण, तिखट आणि अंडं या तिघांनी मिळून मी मनात जुळवून पाहिलेल्या प्रत्येक वाइनचा गळा दाबला. शेवटी चौतीस वर्षं जे लिहीत आलो तेच लिहिलं: आढळून आली नाही. तक्त्यावर प्लास्टिक चढवून सात प्रती काढल्या आणि स्वतःच्या हाताने साती बारांत लावल्या. सहा जणांनी पाठ थोपटली. सॉसेजवाल्याने तर मेन्सियाच्या दोन बाटल्या मागवल्या आणि मला "प्रोफेसर" म्हणायला लागला.

बेनिल्देबाई सत्तरीच्या, एकट्या बार चालवतात. त्यांनी चष्मा लावला, तक्ता वाचला, चष्मा काढला.

"अक्षर छान आहे रे तुझं," त्या म्हणाल्या.

मी खाली मान घालून लाजलो. मग आमच्यासमोर पाच पेले आले आणि पाच बशा आल्या. बशांमध्ये वेफर्स होते. पाकिटातले.

ज्याला लेओन माहीत आहे त्याला सांगायला नको. ओळखीच्या गिऱ्हाइकाला पाकिटातले वेफर्स देणं म्हणजे त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवणं. आकिलिनोने एक वेफर उचलला, उजेडात धरला आणि परत ठेवला. बोलणार काय, मागायचं नसतं ना!

पुढच्या शनिवारीही वेफर्सच आले. त्याच्या पुढच्या शनिवारी वेफर्स मऊ पडलेले होते. दरम्यान मी गुपचूप जाऊन तक्ता काढून आणला. "खिळा राहू दे," बेनिल्देबाई म्हणाल्या, "कामाला येईल." मी धीर करून म्हणालो, "बेनिल्देबाई, मला माफ करा."

"कशाबद्दल?"

आता काय सांगणार? 'सुपाबद्दल' म्हटलं असतं तर ते सूप मागितल्यासारखंच झालं असतं. मी म्हणालो, "असंच, सगळ्याबद्दल." त्या म्हणाल्या, "सगळ्याबद्दलची माफी चर्चमध्ये मागतात. दुसऱ्या गल्लीत आहे."

जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सहाव्या बारबाहेर आकिलिनोने मला बाजूला घेतलं. गाडी लेट असल्याची घोषणा करावी तशा आवाजात तो म्हणाला, "एवेलिओ, आमचं ठरलंय. ऑक्टोबरातल्या सान फ्रोइलानच्या जत्रेपर्यंत हे निस्तर."

"नाही निस्तरलं तर?"

"तर आम्ही चौघं फिरू," निकानोर म्हणाला.

"आणि तू वेगळा फिर," लेओन्सिओने पुरं केलं. "आमचं काही भांडण नाही तुझ्याशी."

तारसिसिओ बुटांकडे बघत राहिला. मला ते फार लागलं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

घरी येऊन मी शांतपणे विचार केला. आमच्या कचेरीत एकदा केलेली नोंद खोडता येत नाही. खरा पुरावा आणून वर नवी नोंद करायची असते, मग जुनी आपोआप रद्द होते. तक्ता काढून उपयोग नव्हता. लसणाच्या सुपाला शोभणारी वाइन शोधणं, एवढंच आता हातात होतं. पण प्रयोगाला बेनिल्देबाईंचं सूप कुठून आणणार? ओब्दुलियाला विचारलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "एकतीस वर्षांत माझ्या हातचं लसणाचं सूप कधी मागितलं नाहीस, आणि आता तिचं मिळत नाही म्हणून माझं हवं?"

"अगं, शास्त्रासाठी."

शास्त्रासाठी तिने सलग अठरा दिवस सूप केलं. तिसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कोणी चढेना. बातमी मात्र सगळ्या इमारतीत फिरली आणि सल्ले जिन्यावरून वाहायला लागले. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, सूप गार करून प्या. खालचा न्हावी म्हणाला, वाइन गरम करून प्या. आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष दोन्या लेओकादिया, ज्यांना जिन्यावरच्या दिव्यापासून पोपच्या तब्येतीपर्यंत सगळ्यातलं कळतं, त्या म्हणाल्या, "माझ्या नणंदेच्या दिराने लसूण सोडला आणि त्याचा गुडघाच बरा झाला." मी सगळं वहीत लिहून घेतलं. दिवस असे आले होते की गुडघाही उपयोगी पडेल असं वाटायचं.

बाराव्या दिवशी तारसिसिओने चोरून फोन करून सांगितलं की त्याच्या दुकानात येणारा ओलेगारिओ नावाचा एक म्हातारा दक्षिणेकडच्या टेकडीखाली भुयारात वाइन करतो, प्रिएतो पिकुदो नावाच्या इथल्याच द्राक्षाची. अठराव्या दिवशी मी बसने गेलो. आमच्याकडे टेकडी आतून पोखरून त्यात वाइन ठेवायची पद्धत आहे. बाहेरून फक्त दार आणि धुराडं दिसतं. आत शिरताना मी कपाळ आपटून घेतलं, बाहेर येताना पुन्हा त्याच जागी आपटलं. ओलेगारिओ पिंपात अख्खे घोस टाकून वाइनला किंचित फसफस आणतो. गुलाबी, आंबटसर, जिभेला टोचणारी. मी डब्यातून नेलेलं ओब्दुलियाचं सूप त्याच्या चुलीवर गरम केलं, एक चमचा सूप, एक घोट वाइन, आणि माझे डोळे भरून आले. जमलं होतं!

"रडतोस काय?" ओलेगारिओ म्हणाला. "माझा बाप सुपातच ओतायचा. भांडी कमी घासायला लागायची."

त्याने बारा बाटल्या दिल्या. "अजून काम चालू आहे हिच्यात. गारव्याला ठेव आणि निजवू नकोस," असं त्याने बजावलं. मी आमच्या इमारतीच्या तळघरातल्या माझ्या अडगळीच्या खोलीत त्या ठेवल्या. गारवा होता तिथे. भिंतीपलीकडे इमारतीचा बॉयलर आहे हे मला माहीत होतं, पण सप्टेंबरात बॉयलर कशाला चालेल? दोन्या लेओकादिया दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस तो तीन दिवस चालवून बघतात, हे जिन्यावरच्या सूचनेत लिहिलं होतं. दुसऱ्यांच्या सूचना मी वाचत नाही, चौतीस वर्षं स्वतःच्या लावत आलोय.

बाटल्या फुटायला लागल्या तेव्हा तळमजल्यावरच्यांनी आधी पोलिसांना बोलावलं, मग तातडीची सभा. आमच्याकडे सभेची वेळ दोनदा जाहीर करतात, पहिली कोणी न येण्यासाठी आणि अर्ध्या तासाने दुसरी. या सभेला लोक पहिल्याच वेळेला हजर होते. "विषय क्रमांक एक," दोन्या लेओकादियांनी वाचलं, "तळघरातील स्फोट." मी उठून उभा राहिलो आणि निर्धाराने म्हणालो की आता कसलाही धोका उरलेला नाही. तेवढ्यात पायाखाली धाड धाड असे दोन आवाज झाले. पुढचं इतिवृत्तात आहे, ते मी पाहिलेलं नाही, पण 'बेजबाबदार' हा शब्द त्यात तीनदा आहे असं न्हावी म्हणतो. बारापैकी एक बाटली वाचली. ती मी उचलून आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत, बाहेरच्या गारव्याला, उभी ठेवली आणि दर तासाला तिची विचारपूस करायला लागलो.

आता ही बाटली बेनिल्देबाईंपर्यंत पोचवायची कशी? दुसऱ्याच्या बारमध्ये आपली बाटली नेण्याइतका मी निर्लज्ज नव्हतो. त्यांच्या बारसमोर चौकात एक बाक आहे. जत्रेच्या शनिवारी त्यांना तिथे रीतसर बोलवावं, असं मी ठरवलं. पण चौकात बाटली उघडायला आमच्याकडे मनाई आहे, परवानगी काढावी लागते. महापालिकेत खिडकी क्रमांक तीनवरच एक तरुण मुलगी होती. तिने अर्ज, ओळखपत्राच्या दोन प्रती, चौकाचा नकाशा आणि बाकाची मापं मागितली. मी मापं घेऊन आलो. तिने ती तपासली आणि गोड हसून म्हणाली, "आणि लगतच्या व्यावसायिकाचं ना-हरकत पत्र."

"लगतचा व्यावसायिक म्हणजे?"

तिने नकाशात बोट ठेवलं. ते बेनिल्देबाईंच्या दारावर होतं.

खिडकीच्या या बाजूला उभं राहणाऱ्या लोकांना मी कायम हळवं समजत आलो होतो. त्या दिवशी मला छत्री फेकणारी बाई आठवली आणि तिची मी मनोमन क्षमा मागितली. ना-हरकतीचा कोरा कागद टपालाने बेनिल्देबाईंना पाठवला. तो चार दिवसांनी टपालानेच परत आला. सही नव्हती. तेलाचा एक डाग होता, आणि त्याला लसणाचा वास येत होता.

तर जत्रेचा शनिवार उजाडला. चौकात बासऱ्या आणि ढोल वाजत होते, सगळं शहर रस्त्यावर होतं. आम्ही पाच जण सहा बार फिरलो. कोणी विषय काढला नाही. माझ्या कोटाच्या आत ती बाटली होती, खिशात रुमालात गुंडाळलेले दोन पेले होते, आणि सहाव्या बारमधून बाहेर पडताना मला एकदम कळून चुकलं की मी बोलावलं तरी ती बाई बाकावर येणार नाही. का यावी?

"तुम्ही जा," मी आकिलिनोला म्हणालो. "मी बरोबर नसलो तर ती सूप देईल. गेले चार महिने तुम्ही उगाच माझ्यामुळे वेफर्स खाताय."

आकिलिनोने घड्याळ पाहिलं. "आणि तू?"

"मी बसतो इथे बाकावर. पाय दुखतायत."

मला वाटलं होतं, निदान तारसिसिओ तरी म्हणेल, चल रे. कोणी म्हटलं नाही. चौघं आत गेले. काचेतून मला बेनिल्देबाईंची पाठ दिसली, मग पातेल्याचं झाकण, मग वाफ, मग चार डोकी वाडग्यांवर एकदम वाकलेली. मला आनंद झाला, खरंच झाला. डोळ्यांत पाणीही आलं. ते वाऱ्यामुळे, असं मी ओब्दुलियाला सांगितलंय. तिने विश्वास ठेवला नाही ती गोष्ट वेगळी.

इतक्यात बारचं दार उघडलं. एप्रन लावलेल्या बेनिल्देबाई हातात वाडगं घेऊन सरळ बाकाकडे आल्या.

"हे धर," त्या म्हणाल्या. "पाच भरली गेली. तू नाहीस म्हणून डोक्याला कळलं होतं, पण हाताला कोण सांगणार? आणि मी फेकत नाही काही."

मी वाडगं घेतलं. थँक्यू म्हणावं की नाही ते कळेना. त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिलं. "आणि ते काय लपवलंयस, मांजर?"

मी बाटली काढली. बूच काढताच अर्धी वाइन माझ्या पँटवर गेली आणि उरलेली मी दोन पेल्यांत ओतली. परवानगी नव्हती, बघायला पोलीस होते, पण मी चौतीस वर्षं नियमाने वागलो होतो, तेवढी शिल्लक असेल असं धरून चाललो. बेनिल्देबाई बाकावर टेकल्या. माझ्या वाडग्यातून एक चमचा सूप त्यांनी खाल्लं. वाइनचा घोट घेतला. डोळे मिटले. पुन्हा चमचा, पुन्हा घोट. कचेरीत खिडकीपलीकडे उभी राहून माणसं माझ्या तोंडाकडे जशी बघायची, तसा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"नाही जमत," त्या म्हणाल्या.

"नाही?"

"वाइन चांगली आहे. सूपही चांगलं आहे. दोघांना एकत्र बसवू नये. भांडतात."

माझी अठरा सुपं, अकरा बाटल्या, एक सभा आणि बाकाची मापं डोळ्यांसमोरून गेली. "पण बेनिल्देबाई," मी म्हणालो, "म्हणजे मी लिहिलं होतं ते..."

"बरोबरच होतं. मला काय माहीत नव्हतं? चाळीस वर्षं करतेय मी ते सूप."

"मग चार महिने राग कसला धरलात?"

त्यांनी उरलेला घोट संपवला आणि पेला माझ्या हातात दिला. "माझ्या नवऱ्याला गाता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी बार उघडताना गायचा. सगळ्या गल्लीला माहीत होतं की बेसूर गातो. पण म्हणून कोणी येऊन त्याच्याच घरात, त्याच्याच भिंतीवर, लिहून लावलं का रे? प्लास्टिकमध्ये घालून?"

"माझं चुकलं," मी म्हणालो. आणि या वेळी कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही.

"ऊठ आता," त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "वाडगं घेऊन आत ये. माझी भांडी बाहेर गेलेली मला चालत नाहीत."

मी दोन्ही हातांनी वाडगं धरून, ओल्या पँटने, त्यांच्या मागून आत गेलो. चौघंही खाली बघून जेवत होते. आकिलिनोने मान वर केली नाही, नुसता अर्धं पाऊल डावीकडे सरकला. त्या बाजूने तारसिसिओ अर्धं पाऊल उजवीकडे सरकला. बारच्या फळीवर मधे एक वाडगं मावेल एवढी जागा झाली, आणि मी तिथे उभा राहिलो.

"दार लाव," निकानोर म्हणाला.

"वारा येतोय," लेओन्सिओ म्हणाला.